दहा गुण की मधली सुट्टी?

कोल्हापूरच्या संग्राहक मंडळात अध्यक्ष दादासाहेब इंगवल्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. यंदा जुन्या क्रिकेट-कार्डांना, ती किती नवीकोरी राहिली आहेत हे पाहून, गुण द्यायला त्यांनी वासंती कुलथे यांना नेमलं आणि भर प्रदर्शनात स्वतःचंच कार्ड पुढे केलं.

"बबलगमसोबत मिळायचं हे! मधल्या सुट्टीत भिंतीवर आपटून-आपटून अख्ख्या वर्गाकडून जिंकलंय मी. गुणांच्या चिठ्ठीवर हा पराक्रम लिहा आणि खाली दहापैकी दहा."

टाळ्या पडल्या. वासंतीबाईंनी भिंग लावलं. चारही कोपरे टोकदार, रंग कालच छापल्यासारखा, आपटल्याची एकही खूण नाही. नाही म्हणावं तर अध्यक्षांचा भर सभेत अपमान, हो म्हणावं तर भिंगाशी बेइमानी. पण बाई मोठ्या धोरणी. त्या गोड हसल्या.

"दादासाहेब, दोन्ही एका चिठ्ठीवर बसायचं नाही. भिंतीवर आपटलेल्या कार्डाला मी चाराच्या वर देत नाही, आणि दहाचं कार्ड कधी भिंतीला लागलेलंच नसतं. बोला, पराक्रम लिहू की दहा?"

सगळ्यांनी कान टवकारले. दादासाहेबांनी कार्डाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, घसा खाकरला.

"दहाच लिहा," ते पुटपुटले.

वासंतीबाईंनी ठसठशीत दहा लिहिले आणि पराक्रमाची जागा कोरी सोडली.