फळ्या उतरवलेले रिंगण

एकदा एका नगरातील स्केटिंगच्या रिंगणावर एक वेगवान शिष्य होता. चाकांचे बूट चढवून, हॉकीची काठी घेऊन तो निघाला की कुणाच्या हाती लागत नसे. त्याला थांबता मात्र येत नव्हते, आणि तशी गरजही त्याला कधी वाटली नव्हती. रिंगणाभोवती लाकडी फळ्या होत्या. त्यांच्यावर धाडकन आदळून तो थांबे आणि बघणारे टाळ्या पिटत. फळ्या देणगी म्हणून देणारे लाकडाचे व्यापारी तर कौतुकाने सांगत, की पोरगं आदळतं तेव्हा आपल्या सागवानाचं सार्थक होतं.

एके दिवशी फळीच्या आधी शाल्मली आली. गोल राखणारी ही मुलगी त्याच्याखाली सापडली आणि तिचे मनगट मोडले. "ती बाजूला का झाली नाही?" असे शिष्याने विचारले. चूक तिचीच, असे त्याला खरोखरच वाटत होते.

रिंगणाचे वृद्ध प्रशिक्षक, ज्यांना सारे आबा म्हणत, हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाना घेतला आणि चारी बाजूंच्या फळ्या उतरवल्या. आता सिमेंट संपले की थेट मुरूम.

व्यापारी तणतणत आले. जिल्ह्याचा संघ निवडायच्या वेळी हुकमी खेळाडूचे पाय का बांधता, असा त्यांचा सवाल होता. आबांनी एवढेच सांगितले, की फळ्या झाकून ठेवल्या आहेत, वाळवी लागणार नाही.

शिष्य पहिल्याच दिवशी मुरुमात जाऊन गुडघे सोलवटून आला. मग तो इतका जपून धावू लागला, की नवशिकी मुलेही त्याला मागे टाकू लागली. संघातली जागा हातची जाणार, हे त्याला दिसत होते.

"आबा, तुम्ही माझा वेग काढून घेतलात," तो म्हणाला.

"तुझा असता तर मला काढता आला नसता," आबा म्हणाले. "थांबायचं काम तू फळीवर टाकलं होतंस. त्या दिवशी ते शाल्मलीच्या मनगटानं केलं. जेवढा स्वतःच्या पायांनी आवरता येतो तेवढाच वेग आपला, बाळ. उरलेल्याची झळ दुसराच कुणीतरी सोसतो."

त्या दिवसापासून तो थांबायला शिकला: गुडघे वाकवायचे, मागचा पाय आडवा टेकवायचा, चाके घासत न्यायची. मग उलटे जाणे. आबा चेंडू घेऊन समोरून चालून येत आणि त्याने त्यांच्याकडे तोंड ठेवून, पावलांनी अर्धवर्तुळे काढत मागे सरकायचे. तो मान वळवून मागे बघे, तेवढ्यात आबा चेंडू काढून नेत. "येणारा इकडून येतोय," ते शांतपणे म्हणत.

निवडीच्या दिवशी फळ्या पुन्हा लागल्या होत्या. शाल्मलीचे प्लास्टर निघाले होते. गोलात तीच होती. शिष्य चेंडू घेऊन एकटाच सुसाट आला. तिने डोळे मिटले आणि अर्धे पाऊल बाजूला झाली. त्याने मागचा पाय आडवा टाकला. चाके करकरली आणि तो तिच्यापासून काठीभर अंतरावर थांबला.

तिने डोळे उघडले. जागेवर परत आली. मग त्याने चेंडू मारला आणि तिने तो पायाने अडवला.

"हातातला गोल घालवला," व्यापारी चुकचुकले.

शिष्य तिथेच उभा राहिला. आजवर तिच्यावर केलेल्या गोलांपैकी त्याचे किती आणि तिच्या भीतीचे किती, हे त्याला सांगता येईना. आबांनी संघ जाहीर केला. त्याला घेतले होते, पण बचावाला, जिथे बहुतेक खेळ मागे सरकतच खेळायचा असतो. व्यापारी हुज्जत घालू लागले.  शिष्य गोलाकडे वळला.

"आणखी एकदा मारू?" त्याने विचारले.

"मार," शाल्मली म्हणाली. "पण तिथूनच."

वेगवान माणसांचे सत्कार आपण रोज पाहतो. त्यांच्या समोर कोण उभे होते, हेही एकदा विचारावे.