भाव सांगणारी साळुंकी

एका राज्यात मालाचे भाव माणसे ठरवीत नसत, साळुंकी ठरवी. बाजाराच्या वेशीवर सोन्याच्या पिंजऱ्यात ती बसे आणि काय कितीला विकायचे ते सांगे. आज्ञा राजा धैर्यधवलाची. राजा दुष्ट नव्हता हो, नुसता काळजीखोर होता. प्रजा म्हणजे अजाण लेकरे, मोकळी सोडली तर हमखास फसतील, असे त्याला मनापासून वाटे. म्हणून कालभृंग जादूगाराकडून त्याने हे पाखरू आणले होते.

पूर्वी तिथले लोक रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत. आता बोटांना कामच उरले नाही. बारा वर्षांत साऱ्या प्रजेची बोटे लाकडाची झाली. राजाने तेही चालवून घेतले. पण एका सकाळी राजकन्या मदनरेखेची बोटे वेणी घालता घालता ताठली, तेव्हा मात्र महाराजांच्या तोंडचे पाणी पळाले.

कालभृंग म्हणाला, "येत्या पुनवेला हे लाकूड तिच्या काळजाला पोचेल. तीन कामे कर. साळुंकी सोड. स्वतः एक सौदा कर. आणि कुणी डोळ्यांदेखत फसत असेल, तर गप्प राहा."

राजाने पिंजरा उघडला. आता तुमचे तुम्ही बघा, असे म्हणून साळुंकी उडून गेली. तीन दिवस बाजारात नुसता गोंधळ. कुणाला भाव सुचेना. मी म्हणत नव्हतो का, असे राजा दहादा पुटपुटला. पण लेकीचे कोपर ताठलेले पाहून पाखराला परत बोलावण्याचा विचार त्याने गिळला.

चौथ्या दिवशी तो साध्या वेशात घोंगडी विकायला बसला. भागा कुंभारणीने घोंगडी उलटीपालटी केली, कसर लागलेला कोपरा अचूक शोधला नि रुमाल टाकला. त्याने पाच नाणी मागितली, ती दोनावरून हलेना. वर एवढ्या धडधाकट माणसाला मालाची पारख नाही म्हणून चार शब्द सुनावले. घासाघीस करता करता तिच्या बोटांवरची साल गळून पडली. घोंगडी अखेर दोनालाच गेली. राजा थक्क झाला. बारा वर्षे जिला आपण अजाण समजलो, तिला आपल्याहून जास्त कळत होते!

पुनवेच्या दिवशी मदनरेखा स्वतःच बाजारात आली. एका गोडबोल्या व्यापाऱ्याची फणी तिला आवडली. हस्तिदंती म्हणून तो सांगत होता, होती हाडाची. तिने मान झुकवून गळ्यातला मोत्यांचा सर त्याला काढून घेऊ दिला. जवळच उभ्या राजाने ते ओळखले, त्याचा जीव तीळ तीळ तुटला. ओठ चावून रक्त आले, तरी तो बोलला नाही. सौदा झाला. मग तिने फणी ताठ तळव्यांत उन्हात धरली, निरखली, आणि त्याच क्षणी तिची बोटे वळली.

"तात, मी फसले. तुम्हाला दिसत होते?"

"दिसत होते, बाळे."

ती रागाने लाल झाली. फणी केसांत खोचून म्हणाली, "पुढच्या बाजारी नाही फसणार. आणि तुम्ही सोबत येऊ नका."

राज्यभर सालींचा खच पडला. फसून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांसाठी राजाने धान्याचे एक कोठार उघडे ठेवले. भाव सांगणे सोडले. पुढच्या बाजारी लेक एकटी गेली. ती येईपर्यंत धैर्यधवल महालात येरझारा घालीत राहिला, पण वेशीकडे फिरकला नाही.