नीलांबेचे पंच

एका राज्यात पाणी उदंड होते आणि माणसे तहानेने मरत होती. नीलांबा नदी दुथडी वाहत होती. पण घागरभर प्यायले तरी कोरड सरेना.

पूर्वी असे नव्हते. नदीच्या उगमावर राहणारे डोंगरकरी तिचे आद्य रहिवासी. त्यांचे पाच पंच दरसाल पाण्याची वाटणी करीत. या तीरावरचा राजा अरिंजय आणि पैलतीरावरचा राजा भद्रकेतू, दोघेही ती मानीत. नदीनेही पंचांचा शब्द कधी मोडला नव्हता. पुढे अरिंजयाला वाटले, रानातल्या माणसांनी राजाला पाणी मोजून द्यावे हा अपमान आहे. त्याने मांत्रिकाकरवी पाचही पंचांचे पाषाण केले आणि राजघाटाला पायऱ्या म्हणून बसवले. त्याच दिवशी पाण्यातले तहान भागवणे निघून गेले. मांत्रिक स्वतः नदीत तोंड घालून मेला.

अरिंजयाची मुलगी, राजकन्या मेघवती, अंथरुणाला खिळली, तेव्हा राणी शाल्मलीने घाटावरच्या खंड्या पक्ष्याला उपाय विचारला. पक्षी म्हणाला, “नदी ज्यांचे ऐकत होती, त्यांच्याकडे जा.”

राणी उगमावर गेली. तिथे एका पंचाची बायको, बुधाई, बसली होती. तिने राणीला पाणी विचारले नाही. त्याला आता अर्थ नव्हता. तिने तीन कामे सांगितली. पाचही पाषाण राजघराण्याने स्वतःच्या खांद्यावरून वर आणावेत. भद्रकेतूला निःशस्त्र आणावे. आणि वाटणी ऐकण्याआधीच दोन्ही राजांनी ती मान्य करावी.

भद्रकेतू लगेच आला. त्याचे दोन्ही पुत्र तहानेने गेले होते. अरिंजय मात्र येईना. राणीने एकटीने पहिला पाषाण उचलला. तिच्या खांद्यातून रक्त वाहू लागले, तशी मेघवतीने अंथरुणावरून बापाकडे नुसते पाहिले. अरिंजय उठला आणि त्याने दुसरा पाषाण खांद्यावर घेतला.

सगळे पाषाण उगमावर पोचले. दोन्ही राजे मातीत बसले आणि म्हणाले, “मान्य आहे.” तीन पाषाणांची माणसे झाली. उरलेले दोन घाटावर रात्रंदिवस धावणाऱ्या तहानेल्यांच्या पावलांनी इतके झिजले होते की त्यांना चेहराच उरला नव्हता. त्यातला एक बुधाईचा नवरा होता. ती बराच वेळ त्या दगडावर हात ठेवून बसली. मग पंचांमधल्या त्याच्या जागेवर जाऊन बसली.

अरिंजयाने मान खाली घालून आपली शिक्षा विचारली.

“शिक्षा द्यायला आम्ही बसत नाही,” बुधाई म्हणाली. “पाणी वाटायला बसतो.”

पंचांनी वाटणी केली : आधी मासे आणि रान, मग दोन्ही तीरांवरची गावे सारखी, शेवटी राजवाडे. शाप सुटला. डोलीतून आणलेल्या मेघवतीला गावच्या लेकरांबरोबर पाणी मिळाले. तिने अर्धी ओंजळ घेतली आणि पुरे म्हटले.

अरिंजयाची पाळी यायला संध्याकाळ झाली. तोवर तो रांगेत उभा राहिला.