पाणमांजरीचा न विचारलेला प्रश्न

एका जंगलात, मोठी नदी जिथे वळसा घेते त्या काठावर, एक साळिंदरमावशी राहत असे. तिच्या बिळाजवळच एक खोल डोह होता. त्या डोहात एक म्हातारे पाणमांजर दूरदूरच्या ओढ्यांतून आलेल्या तरुण पाणमांजरांना खोल पाण्यातली शिकार शिकवीत असे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. दरवर्षी त्यांच्याकडे शिकायला आलेले कोणी ना कोणी मावशीच्या बिळात राहायला येई. मुलांनो, मावशी मनाने मोठी होती. पण विचारलेल्याचे कोणी धड उत्तर दिले नाही, की तिच्या अंगावरचे काटे खडखड वाजू लागत. त्या वर्षी तर ते काटे महिनाभर शांत म्हणून झालेच नाहीत.

झाले असे, की त्या वर्षी मावशीकडे दोन डोंगरांपलीकडच्या एका लहान ओढ्यातली पाणमांजरी राहायला आली. त्या ओढ्यातून डोहावर शिकायला आलेली ती पहिलीच. तिला पोचवायला आलेली आई निघता निघेना. "ओल्या अंगाने झोपू नकोस. उपाशी राहू नकोस. काही अडलं तर लगेच सांग," असे तिने चार वेळा बजावले. चारही वेळा पाणमांजरी म्हणाली, "हो गं आई, कळलं." मग आई मावशीकडे वळली. "ताई, आमच्याकडे हातभर पाणी. त्यात ही सगळ्यांत हुशार. पण इथलं पाणी वेगळं. जरा लक्ष असू द्या हो." मावशीने मान डोलावली. गुरुजींचा नियम तिला ठाऊक होता. येत्या अमावास्येला जो डोहाच्या तळाचा मासा धरून आणील, तो पुढे शिकायला राहील. ज्याला जमणार नाही, तो घरी परत.

साळिंदर ती, त्यामुळे दिवसभर झोपायची आणि दिवेलागणीला उठायची. त्याच वेळी पाणमांजरी डोहावरून परत येत असे. मावशी रोज न चुकता चौकशी करी.

"काय गं, आज काय शिकवलं?"

"बुडी."

"जमली का?"

"हो, ठीक."

"गुरुजी कसे आहेत?"

"ठीक आहेत."

"खाल्लंस काही?"

"हो, मासा."

"कोणता?"

"असाच. ठीक होता."

"मासा ठीक, बुडी ठीक, गुरुजी ठीक!" मावशीचे काटे वाजू लागले. "अगं, आईने निघताना तुला एकच शब्द बांधून दिला होता की काय?"

पाणमांजरी हसली आणि कोपऱ्यात तोंड करून झोपली. दर चार दिवसांनी ओढ्याकडचा खंड्या पक्षी आईचा निरोप घेऊन येई. त्यालाही तेच. "खंड्याकाका, आईला सांगा, सगळं छान चाललंय." एकदा खंड्याच वैतागला. "मावशी, दोन डोंगर ओलांडून मी हे एवढंच सांगायला जायचं का? मागच्या खेपेला हिची आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, 'बस, एवढंच?' आता मी काय पदरचं सांगू?"

"माझ्याकडे काय बघतोस?" मावशी म्हणाली. "माझ्या वाट्याला तर छानसुद्धा येत नाही. नुसतं ठीक!"

पंधरा-सोळा दिवस असेच गेले. एका संध्याकाळी मावशी बिळामागे कंद उकरत होती. तिथे तिला गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचा ढीग सापडला. त्यात खेकड्यांच्या चार-दोन नांग्या होत्या. माशाचा मात्र एक काटाही नव्हता. मावशीने तो ढीग नीट पाहिला, मग डोहावरून परत येणाऱ्या पाणमांजरीकडे पाहिले. पोरीच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"हे काय आहे?"

"गोगलगायी," पाणमांजरी म्हणाली. "मला आवडतात."

"आवडतात? पंधरा दिवस, तिन्ही त्रिकाळ? खरं बोल, नाहीतर खंड्याबरोबर आईला सगळं कळवते!"

तेव्हा कुठे पाणमांजरी खाली बसली. "मावशी, डोहाच्या तळाशी काही दिसतच नाही हो. आमच्या ओढ्यात वाळूचा कण न् कण दिसायचा. मासा दिसला की झडप घालायची, बस. इथं सगळं गढूळ. मी बुडी मारते आणि तशीच रिकामी वर येते."

"मग गुरुजींनी सांगितलं असेल ना, तिथं काय करायचं ते?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. पण मी शेवटच्या रांगेत होते आणि पाण्याचा आवाज मोठा. मिशांबद्दल काहीतरी म्हणाले. शिकारीत मिशांचं काय काम, ते मला कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, 'समजलं का?' सगळे म्हणाले, 'हो, गुरुजी.'"

"आणि तू?"

"मीही म्हणाले." पाणमांजरीचा आवाज आणखी बारीक झाला. "सगळ्यांत मोठ्यांदा म्हणाले."

मावशीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मग दुसऱ्या दिवशी विचारायचं!"

"दुसऱ्या दिवशी वाटलं, आपोआप जमेल. आठ दिवसांनी वाटलं, आता कसं विचारायचं? आणि आता विचारलं तर गुरुजी म्हणतील, इतके दिवस काय करत होतीस? ती पुढच्या रांगेतली जाड शेपटीची आहे ना, तिला सगळं कळतं. ती तर हसेलच."

"उद्या विचार," मावशी म्हणाली. "मला दुसरं काही ऐकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पाणमांजरी परत आली, ती मान खाली घालून. "गुरुजी झोपले होते."

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज ते रागात दिसत होते."

चौथ्या दिवशी म्हणाली, "आज खूप आनंदात होते. म्हटलं, कशाला त्यांचा आनंद घालवा?"

"झोपले तर नाही, रागावले तर नाही, हसले तर नाही!" मावशी इतक्या जोराने ओरडली, की वरच्या झाडावरची वटवाघळे उडाली. "मग ते नेमके कसे असले म्हणजे तू विचारणार आहेस, तेवढं तरी सांग!"

एकदा मावशीच्या मनात आले, आपणच जाऊन विचारावे. ती निम्म्या वाटेपर्यंत गेलीही. पण तिथे थांबली. आज आपण विचारले, तर हिच्या पुढच्या प्रश्नालाही आपल्यालाच जावे लागेल. आणि पुढचे प्रश्न काही थोडेथोडके नसणार. मावशी स्वतःवरच चडफडत माघारी वळली.

बघता बघता अमावास्या आली. मावशीला उजेड सोसत नसे, तरी डोळे किलकिले करत ती त्या दिवशी भर दुपारी डोहावर जाऊन बसली. एकेकाने बुडी मारायला सुरुवात केली. जाड शेपटीची गेली आणि हातभर लांबीचा मासा घेऊन आली. आणखी दोघे-तिघे मासे घेऊन आले, काही रिकाम्या तोंडाने वर येऊन मागे जाऊन बसले. मग आपल्या पाणमांजरीची पाळी आली. ती गेली ती बराच वेळ वर येईना. मावशीचा जीव टांगणीला लागला. शेवटी ती वर आली, तेव्हा तिचे नाक दगडावर आपटून फुटले होते, आणि मासा समजून तिने दातांत धरले होते ते एक कुजके लाकूड.

गुरुजींनी लाकडाकडे पाहिले. "घरची वाट धर, पोरी," ते म्हणाले.

पाणमांजरी काठावर आली. अंग न झटकताच चालू लागली. मावशीच्या ओठांवर शब्द आले होते. ते तिने कसेबसे गिळले. चार पावले गेल्यावर पाणमांजरी थांबली. मागे वळली.

"गुरुजी, जाता जाता एक विचारू?"

"विचार."

"तळाशी दिसत नाही, तर मासा धरायचा कसा? तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मला तेव्हाच कळलं नव्हतं."

कोणीतरी हसेल म्हणून पाणमांजरीने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागून एक आवाज आला, "गुरुजी, मलापण नाही कळलं." मग दुसरा, "मलापण." मग आणखी दोन. हे सगळे रिकाम्या तोंडाने वर आलेलेच होते.

गुरुजी उभे राहिले. रागाने त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "मग 'समजलं का, समजलं का' म्हणून मी महिनाभर विचारत होतो ते कोणाला? या दगडांना? आणि 'हो, गुरुजी' म्हणून ओरडत होतं ते कोण? बेडूक?"

गुरुजींनी एक मोठा श्वास घेतला आणि ते सांगू लागले. "नीट ऐका. दिसत नाही, तर बघायला जाऊ नका. डोळे मिटा आणि मिशा पुढे करा. मासा हलला की पाणी हलतं. ते हललेलं पाणी मिशांना लागतं. ज्या बाजूने लागेल त्या बाजूला वळा. चला, पुन्हा पाण्यात."

पाणमांजरीने बुडी मारली. मावशी पाण्यावरचे बुडबुडे पाहत राहिली. ते एकदा डावीकडे गेले, थांबले, मग एकदम उजवीकडे वळले. पाणमांजरी वर आली तेव्हा तिच्या दातांत एक मासा वळवळत होता.

गुरुजींनी तो उलटसुलट करून पाहिला. "लहान आहे," ते म्हणाले. "पण तळाचा आहे. राहा."

"एवढंच होतं?" मावशी काठावरून ओरडली. "डोळे मिटायचे, एवढंच? आणि एवढ्यासाठी महिनाभर गोगलगायी?"

जाड शेपटीची शेजारीच अंग वाळवत होती. ती पाणमांजरीला म्हणाली, "पहिल्या दिवशी मला तरी कुठं कळलं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींना जाऊन विचारलं. तू कधीच काही विचारत नव्हतीस. मला वाटायचं, हिला सगळं येतं."

तात्पर्य : घर सोडून शिकायला गेलात, की जे कळले नाही ते पहिल्या आठवड्यातच विचारून मोकळे व्हा, उशीर केलात तर प्रश्न तेवढाच राहतो, लाज मात्र रोज वाढत जाते.