उद्याची मोळी

“सूर्य फुकटात ऊन देते, बाबा. मंग हा धूर कायले पायजे?”

असं विचारून प्रफुल्ल धुनीपासून हातभर मागे सरकला. याच मठात लहानाचा मोठा झालेला हा पोरगा आता राज्याच्या वीज खात्यात बडा साहेब होता. सेवानाथबाबांना त्याचं भारी कौतुक होतं.

मठासमोरच्या टेकडीपलीकडे कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. ते बंद करण्याचा आराखडा प्रफुल्लनंच तयार केला होता, आणि त्यावर सही करण्याआधी तो गुरूंचा आशीर्वाद घ्यायला आला होता.

त्यानं सगळं रंगवून सांगितलं. माळावर सौर पट्ट्या बसतील, वीज स्वस्त होईल, नवे कारखाने येतील. राख उडायची थांबेल, दरवर्षी चढत जाणारा उन्हाळा कुठंतरी आवरेल. बाबा मान डोलावत ऐकत होते. पोरगं खरंच बोलत होतं. त्या राखेनं बाबांचीही छाती धरली होती.

“आन कोळशावरची मानसं?”

“त्यायचं दुसऱ्या टप्प्यात पाहू, बाबा. आधी धूर तर बंद होऊ द्या.”

“हे बी खरंच हाय...”

बाबांनी शेजारचा कमंडलू उचलला आणि धुनीवर उपडा केला.

वाफ उठली... निखारे काळे पडले... प्रफुल्लच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांच्या आधीच्या तीन गुरूंनी जपलेला तो अग्नी कधी विझला नव्हता. त्यानं घाईघाईनं बाबांचा हात धरला, आपण धुनीबद्दल बोलत नव्हतो म्हणून काकुळतीनं सांगितलं. बाबा नुसते हसले. त्या हसण्यात राग औषधालाही नव्हता.

एवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन यमुनाबाई आली. रोज धुनीला लाकडं आणायची आणि मठात जेवायचं, हा तिचा नवरा गेल्यापासूनचा नेम. मागेपुढे कुणी नव्हतं, पण फुकटचा घास तिच्या घशाखाली उतरत नसे. प्रफुल्ललाही तिनंच मांडीवर घेऊन भरवलं होतं.

विझलेल्या धुनीकडे ती बघतच राहिली. मोळी तशीच डोक्यावर होती.

“बाबा... उद्या मोळी आनू का नाही?”

“मले नको विचारू. याले विचार.”

ती प्रफुल्लकडे वळली. मघापासून घडाघडा बोलणारा प्रफुल्ल उठला. तिच्या डोक्यावरची मोळी त्यानं स्वतःच्या हातानं उतरवली, आणि ती कुठं ठेवावी हे न कळून तसाच उभा राहिला.

बाबांनी पत्रावळ मांडली, तिच्यावर भाकर ठेवली.

“बस, माय. याचा विचार होईपर्यंत तू जेवून घे.”