शेटाणीबाईंच्या पांढऱ्या कुरडया

उदेभान राजा चैत्रातल्या एका सकाळी नदीवर स्नानाला उतरला आणि वर आला तो निळी दाढी घेऊन. रोज रिठ्याने धुतलेली, पांढरीशुभ्र दाढी! घाटावरच्या बायका पदराआड हसल्या, आणि नेमकं ते राजाने पाहिलं.

नदीकाठी निळीने कापड रंगवणारा कारखाना एकच, नेमाशेटचा. राजाने तीन वर्षांपूर्वी नवा कायदा केला होता: नोकराने कामावर गुन्हा केला तर मालकालाही शिक्षा. मात्र गुन्हा होऊ नये म्हणून मालकाने आधीच बंदोबस्त केलेला असेल, तर मालक सुटला.

नेमाशेट दरबारात आला तो बंदोबस्त काखेत मारूनच. रंगाचं पाणी नदीत सोडू नये असा लेखी नियम, त्यावर सगळ्या कामगारांचे अंगठे. त्या पाण्यासाठी कारखान्यामागे बांधलेला चुनेगच्ची हौद. आणि दरवर्षी तो तपासून सरकारी तपासनिसाने दिलेला दाखला: 'हौद अत्यंत स्वच्छ आहे.' एवढं करूनही राघू कामगाराने पाणी नदीत सोडलं, त्याला बिचारा मालक काय करणार?

शेटजींनीच सोडायला सांगितलं, असं राघू परोपरीने सांगत होता. बाकीच्या कामगारांनी माना खाली घातल्या. त्यांच्याही घरी चुली होत्या. दाखल्यावर सरकारी शिक्का असल्यावर राजा स्वतः उठून हौद बघायला कशाला जातोय? त्याने राघूला हद्दपार केलं.

तेव्हा राघूची लेक हौसा पुढे आली. तिला बापाशिवाय कोणी नव्हतं.

"महाराज, शेटजींचा बंदोबस्त नुसता दाखवायचा आहे."

"मग सिद्ध कर," राजा म्हणाला. "भाड्याचे साक्षीदार चालायचे नाहीत. कागदही नको, तो कसाही लिहिता येतो. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर बापाबरोबर तूही सीमेपार."

हौसा संध्याकाळी शेटाणीबाईंकडे गेली आणि बापाच्या शिदोरीला थोड्या कुरडया द्या म्हणाली. बाई मनाने वाईट नव्हत्या. ओटीभर दिल्या.

दुसऱ्या दिवशी हौसा त्या तळून, परडीत घालून दरबारात घेऊन आली. सगळे हसले. राजा चिडलेला होता, पण भुकेलाही होता. त्याने एक खाल्ली, मग दुसरी उचलली.

नवऱ्याची सुटका बघायला शेटाणीबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. हौसा त्यांच्याकडे वळली.

"काकू, महाराजांना आवडल्या बघा तुमच्या कुरडया. इतक्या पांढऱ्या गावात कुणाच्या होत नाहीत."

हे चारचौघांत कुणी म्हणावं म्हणून बाई किती वर्षं वाट बघत होत्या!

"होतील कशा? लोक वाळवतात अंगणात. धूळ काय, कावळे काय! आमचं वाळवण मागच्या हौदात असतं, महाराज. चारी बाजूंनी भिंत, वर लख्ख ऊन. तीन उन्हाळे झाले, तळाला एक डाग सापडायचा नाही."

नेमाशेट डोळ्यांनी खुणा करून दमला. बाई राजाकडे बघत होत्या.

हौसाने एक कुरडई वर धरली.

"महाराज, एका बुडीत तुमची दाढी निळी झाली. रंगाचं पाणी तीन वर्षं रोज या हौदात पडत असेल, तर ही पांढरी कशी राहिली?"

तपासनीस हळूच खांबामागे सरकला. राजाने कुरडई आपल्या दाढीशेजारी धरली, आरशात पाहिलं आणि असा हसला की दाढीतला चुरा मांडीवर सांडला.

राघू सुटला. नेमाशेटला शिक्षा झाली की वर्षभर रंगाचं पाणी त्याने स्वतः घागरींनी हौदात नेऊन ओतायचं. तपासनिसाचा शिक्का काढून राजाने हौसाच्या हातात दिला, वर चांदीचं कडं.

"पण पोरी, या कुरडया पुन्हा मिळतील ना?"

"परडीत आहेत तेवढ्या खाऊन घ्या, महाराज. पुढच्या उन्हाळ्यात हौद मी तपासणार आहे."