रंगाच्या कारखान्यातली शिंकणारी परी

परी म्हणजे चांदीचे पंख, मोगऱ्याचा वास आणि पैंजणांची रुणझुण, असं छोट्या सोनकीला वाटलं होतं. तिला भेटलेली परी मात्र सारखी शिंकत होती. एक पंख निळा, दुसरा जांभळा आणि केसांना कुजक्या अंड्यांचा वास!

ती भेटली बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे. तिथली माती कुठे पोपटी, कुठे लालभडक चमकायची, पण तिच्यावर गवताचं इवलंसं पातंही उगवायचं नाही. एक शेळी तिथल्या डबक्यात पडली, ती जांभळी झाली ती झालीच. मालक कधीचाच पळून गेला होता. सरकारी साहेबलोक नाक दाबून येऊन गेले होते. "विष नेमकं कुठे मुरलंय ते कळलं, तर सफाईचं काम गावालाच देऊ. स्वच्छ जमिनीवर नवा कारखानाही उभारू. पण कळणार कसं?" असं म्हणून त्यांनी फाटकाला कुलूप लावलं.

गावात काम नव्हतं. उद्या सकाळच्या एसटीने सोनकीची आई शहरात कामाला जाणार होती. सोनकी मागे राहणार होती, आत्याकडे. म्हणून पाणी भरून परतताना ती इथे एकटीच रडायला बसली होती.

"आक्छी!" परी म्हणाली. "डोळे किती चुरचुरतायत गं!"

सोनकीने डोळे पुसले आणि लांबून आणलेली कळशी उचलली.

"अगं, घरी काय नेशील?"

"पुन्हा आणीन. तुम्ही आधी डोळे धुवा, परीमावशी."

परीचे डोळे चांदण्यांसारखे लुकलुकले. "गुणाची गं माझी बाय! तुला एक इच्छा देते. पण नियम आहेत हं. घाण मला नाहीशी करता येत नाही, फक्त हलवता येते. आणि जिथे पाठवायची, तिथल्यांनी हो म्हणायला हवं. उद्या एसटी सुटायच्या आत माग."

"आधी चाखून बघू? बाजारात द्राक्षं चाखतात तशी?"

"फार हुशार आहेस! बरं, एकेक पिंप पाठवून बघू."

पहिलं पिंप डोंगरापलीकडच्या गावात गेलं आणि तस्संच परत आलं. वर एक चप्पलही आली. पाठोपाठ आवाज आला, "आमचं गाव काय उकिरडा वाटला का?"

दुसरं समुद्राने थुंकून टाकलं. तिसरं चंद्राकडे गेलं. चंद्र म्हणाला, "माझ्या अंगावर आधीच डाग आहेत. आणखी नकोत बाई!"

"मग पळून गेलेल्या मालकाच्या दिवाणखान्यात पाठवा!"

"त्याने हो म्हणायला हवं ना."

"तो कसला म्हणतोय!" सोनकी खुदकन हसली, पण लगेच तिला उद्याची एसटी आठवली.

परी तिच्या कानाशी कुजबुजली, "फक्त तुझी आई थांबावी, असंही मागता येईल हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनकी आईचा हात घट्ट धरून कारखान्यासमोरच्या थांब्यावर गेली. तिथे रखमाकाकू होती, हौसाआजी होती, शेजारची चंपाही होती. प्रत्येकीच्या हातात बोचकं आणि पदराला लोंबकळणारं पोर. एसटी धुरळा उडवत आली. सोनकीच्या खांद्यावर परी मिणमिणत होती.

"लवकर बोल गं," परी म्हणाली.

सोनकीने आईकडे पाहिलं. मग सगळ्या पोरांकडे पाहिलं.

"घाण हलवू नका, परीमावशी. ती कुठे कुठे लपलीय, तेवढं सगळ्यांना दाखवा."

परी शेवटचं मोठ्ठं शिंकली आणि तिचा लखलखीत प्रकाश झाला! त्या प्रकाशाचे सोनेरी, गुलाबी, जांभळे ठिपके भुरभुरत कारखान्याच्या जमिनीवर उतरले. जिथे विष, तिथे ठिपका. बाकी जमीन साधी, तपकिरी, चांगली.

आई बघतच राहिली. "अगंबाई! आम्ही सगळीच नासली समजत होतो!" तिने बोचकं खाली ठेवलं. "चंपे, साहेबांना फोन लाव. हातमोजे आणि बूट घेऊन या म्हणावं. उपसणारी माणसं इथेच आहेत."

"बायांनो, येताय की नाही?" कंडक्टर ओरडला.

"तुम्ही व्हा पुढे, दादा," आई म्हणाली. "आम्हाला इथेच काम आहे."